सुईचं मीटर

गंजगोलाईत, इलियासच्या काउंटरवर
दोन मीटर मांडून ठेवलेत माझ्यापुढं.
एक साडेतीन हजाराचं.
काळा पडदा, आत निळे आकडे,
उपग्रहाचं नाव सांगतं, टक्केवारी सांगतं,
चार्जिंग संपत आलं तर तेही आधी सांगतं.
दुसरं तीनशे ऐंशीचं.
पानाच्या डबीएवढं, एक सुई, एक बटण,
सिग्नल लागला की नुसतं कूं करतं.

इलियास म्हणतो, "शाणे लोकं हेच नेऊ लालेत आता."
पडद्यावरचा प्लास्टिकचा कागद त्यानं अजून सोललेला नाही.
"ते सुईवालं येडं हाय. कुठल्याबी उपग्रहाला कूं करतंय.
पाव्हणा कोण, चोर कोण, त्याला कळत न्हाई."

खरं आहे.
पण शरणप्पा.

चौदा वर्षं आम्ही जोडीनं हिंडलो.
मी वर, माळवदावर, पाना दातात धरून.
तो खाली, लोकांच्या टीव्हीपुढं, चपला दारात काढून.
"आलं का?"
"न्हाई."
"आता?"
"लालच हाय."
"आता?"
"आलं आलं... गेलं. माघारी घे. जरासं. गव्हाएवढं."
गव्हाएवढं म्हणजे किती,
ते फक्त माझ्या मनगटाला ठाऊक.

गेल्या दिवाळीपासून मात्र
त्याचं "आलं" लवकर येऊ लागलं.
मी नट सैल करायच्या आधी "आलं".
एकदा तर केबल जोडलीच नव्हती, तरी "आलं".
मी वरून विचारलं, काय दिसू लालंय?
म्हणाला, बाई बातम्या सांगू लालीय.
खाली उतरलो तर पडदा काळा,
आणि शरणप्पा त्याच्याकडं बघून मान डोलावत होता.

उदगीरच्या डोळ्याच्या दवाखान्याची चिठ्ठी
त्याच्या खिशात घड्या पडून पडून मऊ झालीय.
मी काही बोललो नाही.
आठवड्याला पाच तक्रारी, पाच वेळा पेट्रोल,
तरी नाही.

"वाजवून दाखव," मी इलियासला म्हटलं.
त्यानं दुकानावरच्या थाळीची वायर खोचली, बटण फिरवलं.
मी डोळे मिटले.
आधी कानाशी डास,
मग शिट्टीच्या आधीची कुकरची वाफ,
मग कुणी तार ताणत नेतंय, नेतंय.
डोळे उघडून महागाच्या मीटरकडं बघितलं.
ते नुसतं दिसत होतं.

"येडंच दे."

चाकूरच्या अलीकडं, अंगणवाडीच्या सुलोचनाताईंचं घर.
पाइप अंगणातच रोवलेला, चढायचं काम नाही.
मीटर शरणप्पाच्या गळ्यात अडकवलं,
थाळीवर त्याचे हात ठेवले,
म्हटलं, आज मी खाली.
खाली म्हणजे आत. ते त्याला कळलं.
आणखी काय कळलं, ते त्यानं दाखवलं नाही.

ताई म्हणाल्या, आग्नेय इकडं, माझी चूल आहे तिकडं.
तो हसला. त्यानं आधीच
सकाळचं ऊन दोन्ही गालांवर सारखं करून घेतलं होतं.

कूं झालं.
आत पट्टी लाल.
मी सांगायच्या आत बाहेरून त्याचा आवाज,
"हे आपलं न्हाई. हे शेजारचं."
थाळी चार बोटं सरकली.
शांत.
मग परत डास, परत वाफ,
ओट्याखालचं कुत्रं कान टवकारून उठलं,
आणि त्यानं थाळी ढकलली
गव्हाएवढी.

पट्टी हिरवी.
मी ओरडायला तोंड उघडलं, तर
"आलं," तो म्हणाला.

ताईंचा नातू पळत बाहेर गेला,
"आजोबा, ते बंद करा ना, कार्टून ऐकू येईना!"
शरणप्पानं बटणावर बोट ठेवलं.
फिरवलं नाही लगेच.