पितळेचं ऐकून

कोलव्याच्या हॉटेलाने भंगारात काढलेलं
बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र
सुकडो गावड्याने दोन पाडपांच्या पैशांत घेतलं
आणि शिरोड्याला माझ्या शेडमध्ये आणून सोडलं.
पातं काढलं. मागे हौदा जोडला.
इंजिनाची पुली मोठी घातली, कारण सुकडोला घाई,
तीस वर्षं माडावर चढून गुडघे संपलेल्या माणसाची घाई.
आता ते कुळागरातून नारळ ओढतं
आणि त्याची रुंद खुर्ची बघून
पोरं त्याला भाटकार म्हणतात.

चतुर्थीच्या आधी भाटकार चढावावर कण्हायला लागला.
गिअरबॉक्स उघडली:
कंपनीचं ग्रीस भिंतींना जाऊन चिकटलेलं
रुसलेल्या व्याह्यांसारखं,
आणि मधे दाते कोरडे, कडेने निळे.
वेग आम्हीच वाढवला होता.
त्याला भिंतीला आम्हीच लावलं होतं.

फोंड्याचा दुकानदार म्हणाला, नव्वद घे,
खाणी चालू होत्या तेव्हा पिंपं जायची याची,
एक ट्रक तक्रार घेऊन आला नाही.
ट्रक बोलतात कुठे, हे मला परत येताना
बोरीच्या पुलावर सुचलं.

झाकण काढलं तर काडेपेटीचा वास.
कायतान बाकावर बसला होता. तारवटी.
एकतीस वर्षं जहाजाच्या पोटात आयलर,
उजव्या कानाने ऐकू येत नाही,
पण बोटांना येतं.
त्याने थेंब घेतला, अंगठ्यावर घासला,
मग उघड्या डब्यात वाकून बुशांकडे बघितलं,
खूप वेळ, जसं कुणी विहिरीत बघतं.
"लोखंडाक बरें," म्हणाला.
"पितळ खातलें."

मी आजवर तेल म्हणजे घट्ट की पातळ
एवढंच विचारत आलो.
ते कुणाला वाचवतं आणि त्यासाठी कुणाला चावतं,
हे डब्यावर लिहिलेलंही असतं,
बारीक अक्षरांत, माझ्या चष्म्याच्या पलीकडे.

एकशेचाळीस? काकवी. थंडीत सकाळी दाते उपाशी.
गंधक नसलेलं साधं नव्वद?
सील म्हातारं, रात्रीतून सगळं जमिनीवर.
कायतानने हवेत दोन वाटोळी काढली:
शून्य, शून्य.
ते ग्रीस नव्हे, तेलही नव्हे.
ढवळलं की वाहतं, थांबलं की बसतं,
भिंतीवरून परत दात्यांकडे येतं.
"पितळेक चलता काय?"
"विचारून घे. हांव सगळें जाणां अशें ना."

वास्कोला त्याचा एक जुना सोबती.
शनिवारी कायतान बसने गेला,
आणि मिस्कुटाच्या बरणीत घेऊन आला.
सुकडोच्या बायकोने झाकण उघडून वास घेतला,
पुन्हा लावलं, काही बोलली नाही,
फक्त बरणीकडे बघत राहिली.
ती बरणी तिची होती.

अर्ध्याहून थोडं जास्त भरलं. जास्त नको, तापतं.
बारा पोती, पाहिला गिअर, सुपारीच्या मधली वाट.
भाटकार चढला. कण्हला नाही,
गुणगुणला म्हणू नये, पण तसंच काहीतरी.
सुकडो वर पोचून खुर्चीतच बसून राहिला,
माडांच्या शेंड्यांकडे बघत,
ओळख असलेल्या लोकांकडे बघावं तसं.

रात्री मी खाली पुठ्ठा सरकवला.
सकाळी त्यावर एक थेंब होता.
अंगठ्यावर घासला. वास घेतला.
कळेना.
कायतान यायचाय. पुठ्ठा तसाच ठेवलाय.