पार्सल हलवून बघताना

एलवुड कॉर्कमचा डबा मी लगेच त्याच्या हाती देत नाही,
आधी कानाशी नेऊन हलवते.
बावीस वर्षं या टपालखिडकीत काढल्यावर
काचेचं बोलणं मला कळतं:
अखंड काच गप्प असते,
फुटलेली खुळखुळते, निर्लज्जासारखी.

"बोल, व्हर्ना," तो म्हणतो.
मी बोलत नाही. डबा पुढे सरकवते. तो सही करतो.

त्याला हवे असतात टेलिफोनच्या खांबांवरचे इन्सुलेटर,
काचेचे, मुठीएवढे, घंटेच्या घाटाचे,
हिरवे, समुद्री निळे, एखादा मधाच्या रंगाचा.
आणि हेच त्यानं जन्मभर उतरवले.
कंपनीत लाइनमन होता. तारा जमिनीखाली गेल्या त्या दोन उन्हाळ्यांत
लाहाव्ह नदीच्या कडेकडेनं खांबांवर चढून
एकेक पिळून काढला आणि खाली चरात टाकला.
हजारो. साहेबाचा हुकूम.
"पडताना वाजायचे छान," इतकंच सांगतो.

आता लिलावात एकेकाला चाळीस डॉलर,
टपालखर्च वेगळा.

विकणाऱ्यांना तो अंगठ्यावरून ओळखतो.
फोटोत अंगठा कुठे टेकवलाय ते बघ, म्हणतो,
टवका नेमका तिथेच उडालेला.
नखात काळं साचलेला तो अल्बर्टाचा.
चांदीची अंगठीवाली ओहायोची, जिची आई
ऑगस्टात वारली म्हणून पार्सलला उशीर झाला
आणि ऑक्टोबरात पुन्हा दवाखान्यात भरती झाली.
एकानं साधी पांढरी काच कसल्याशा किरणांत ठेवून
जांभळी केली, आजोबांच्या माळ्यावर सापडली म्हणून विकली.
ती एलवुडनं खिडकीत मांडली नाही. फेकलीही नाही.
मोज्यांच्या खणात आहे.

"अरे, तक्रार कर की," मी म्हणते.
"दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो,
तू पुन्हा उकळतं दूधच तोंडाला लावतोस."
तो तिकिटांच्या पट्टीकडे बघत राहतो.
"वाईट शेरा दिला तर तोही मला देईल.
माझे शंभर टक्के आहेत, व्हर्ना.
शाळेत कधी पडले नाहीत."

मार्चमध्ये, बर्फाचा चिखल झालेला असताना,
मॅनिटोबाहून एक डबा आला. हलवला.
गप्प.
मी हसले. तोही हसला. इथेच उघडू, म्हणाला.
वर्तमानपत्राचे सात थर, सुतळी, चिकटपट्टी,
आणि आत दगड.
नदीतला, गुळगुळीत, करडा.

त्यानं तो माझ्या तराजूवर ठेवला.
सहाशे बारा ग्रॅम.
जाहिरातीत लिहिलं होतं तितकंच, बरोब्बर.
म्हणजे कुणीतरी थंडीत नदीकाठी वाकून
एक उचलला, जड वाटला, टाकला,
दुसरा उचलला, घरी नेऊन तोलला,
आणि परत गेला.
"एवढे कष्ट," एलवुड म्हणाला.
शिव्या मीच दिल्या, खात्याच्या गणवेशात.

मे महिन्यात पेन्शनचं पाकीट द्यायला त्याच्या घरी गेले.
दक्षिणेच्या खिडकीत तीन फळ्या.
ऊन आलं की समोरच्या भिंतीवर हिरवं पाणी हलतं.
मधल्या फळीवर, दोन निळ्यांच्या मध्ये, तो दगड.
पुढे सगळ्यांसारखीच चिठ्ठी: गाव, तारीख, किंमत.
भिंतीवर त्याच्या जागी तेवढा काळोख.
मी विचारलं नाही. चहा प्याले. कुत्र्याविषयी बोललो.

आज आणखी एक आलाय, क्वेबेकहून,
पावाच्या खोक्यात, कोपरा चेपलेला.
उचलला, आणि कोण जाणे का, हलवला नाही.
तसाच त्याच्या हातात दिला.
त्यानं कानाशी धरला.
मागे मिसेस झ्विकर तिकिटांसाठी खोळंबलेली,
सुट्टे पैसे मुठीत घट्ट धरून
तीही मान वाकडी करून ऐकायला लागली.