मागे बसणारा

सगळ्या मुली गाणाऱ्याकडे बघायच्या.
त्याचे केस, बेंबीपर्यंत सोडलेली बटणं,
माइकचा दांडा असा कवटाळायचा मेला
की आमच्या बेव्हर्लीला भरून यायचं.

मी बघायचे मागे,
जिथे दिवा पुरता पोचत नसे,
जिथे लेन ट्रोमन्स बनियनवर बसलेला असायचा,
तोंड किंचित उघडं,
उधारीचा हिशेब पुटपुटणाऱ्या दुकानदारासारखा.

क्रॅडली हीथ, एकोणीसशे एकोणसत्तर.
कामगार क्लबचा वरचा हॉल.
फरशी बिअरनं इतकी चिकट
की बूट उचलला तरी आवाज यायचा,
आणि तोही ठेक्यात यायचा.

आमच्या गावात साखळ्या घडत. जहाजांच्या, नांगरांच्या.
लेनचा बाप साखळीवाला, आजा साखळीवाला.
परसातल्या भट्टीशी
एक घाव मोठा, दोन लहान,
मग लोखंड फिरवण्यापुरता एक श्वास.
तो श्वास लेनच्या मनगटात उतरला होता.

मोठे बँडही मी ऐकले नंतर.
बर्मिंगहॅमला ट्रकांनी सामान यायचं त्यांचं,
आगीचे लोळ, धूर, पितळी घंटा माणसाएवढी.
ड्रमर एकटा सुटला की वीस-वीस मिनिटं सुटायचा,
लोक मुतायला जायचे, बाटली आणायचे.
मी जागची हलत नसे.
भले भले होते ते. हात दिसत नसत, नुसता वारा दिसे.
एकजण तर तळव्यांनी वाजवायचा,
कणीक तिंबावी तसा.
खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी चालत घरी गेले,
बस होती तरी.

पण त्यातल्या पुष्कळांना घाई असायची,
गाडी चुकेल अशी.
लेन थांबायचा.
स्नेअरवर त्याची काठी पडायची ती जराशी उशिरा,
चूक म्हणावी इतकी नाही,
जिन्याची एक पायरी कमी निघावी
आणि पोटात खड्डा पडावा, इतकी.

गिटारवाला तारांना रडवतो, ते दिसतं.
ड्रमर काय करत होता
ते तो थांबला की कळतं,
रात्री फ्रीज बंद पडल्यावर कळतं तसं.

परवा कानाच्या डॉक्टरनं विचारलं,
प्रेसवर काम केलंय का?
म्हटलं, एकतीस वर्षं.
आणि त्याआधी?
त्याआधी शुक्रवारी ड्रमच्या अगदी शेजारी उभी राहायचे.
त्यानं दोन्ही एकाच रकान्यात लिहिलं.

अठ्ठ्याहत्तरात बँड मोडला.
गाणाऱ्यानं गालिच्यांचं दुकान टाकलं,
लेन बसवर लागला.
डडलीची बस, सकाळची पहिली.
भुरभुर असली की वायपर एका लयीत,
इंडिकेटर दुसऱ्या,
जुळता जुळता सुटायचे दोघं,
आणि लाल दिव्याशी लेन
अंगठ्यानं स्टिअरिंगवर
त्यांच्या मधली जागा चाचपायचा.
मागे बायका बटाट्याच्या भावावर बोलत असत.
मी दाराजवळ, डबा मांडीवर,
मनात ती जुनी गाणी लावायचे.
शब्द मला कधीच पाठ नव्हते.

दोन वर्षं गेली अशी. मग एकदा
उतरता उतरता म्हटलं,
मी यायचे हं. क्लबात. दर शुक्रवारी.

तो वळला. टोपी जरा मागे सारली.
म्हणाला, आमचा गाणारा भारी होता, नाही?

मी म्हटलं, कोण?

लेन माझ्याकडे बघत राहिला,
एक श्वास,
लोखंड फिरवण्यापुरता,
आणि मग हसला.

मागची बस केव्हाची हॉर्न देत होती.