आठशे ग्रॅम उंची

ओरुरोला पोचले तेव्हा ट्रकमधल्या वजनांवर
दव गोठलं होतं.
वीस-वीस किलोची पन्नास, बिडाची, खांद्यातून रग निघेल अशी;
आणि माझ्या मांडीवर लाकडी पेटीत, मखमलीत,
एक ग्रॅमपासून दोनशेपर्यंतची धाकटी भावंडं.
त्यांना चिमट्यानेच उचलायचं.
बोटाच्या तेलकट ठशालाही वजन असतं.
गार वजन खोटं बोलतं, म्हणून पेटी रात्रभर
काट्याच्याच खोलीत निजवली.

सकाळी पाहिलं तर कथिलाचा कस घ्यायचा काटा खिडकीशी,
शेजारी स्टोव्ह, स्टोव्हवर कोकाच्या पानांचा चहा.
दोन्या एउलालिया म्हणाली, इथे उजेड छान येतो.
वाराही येतो, म्हटलं.
हे यंत्र तोळामासा प्रकृतीचं.
दार आपटलं की दचकतं, ऊन पडलं की सरकतं,
जवळ उभं राहून कुणी सुस्कारा टाकला तर तोही मोजतं.
दगडी ओटा मागितला. मिळाली थडग्याची फरशी,
नाव कोरायचं राहून गेलेली.
पाय फिरवत फिरवत बुडबुडा वर्तुळात आणला,
मऊ कुंचल्याने ताटलीखालची धूळ काढली.
त्या धुळीतही कथिल होतं;
एउलालियाने ती कागदात बांधून ठेवली.

मालकांना पाच दशांशांचा नवा काटा घ्यायचा होता.
म्हटलं, ट्रक गेला की इथे कप वाजतात.
शेवटचे दोन आकडे नुसते थरथरत राहतील,
थरथरीचे पैसे कशाला मोजता?

मग अंगणातला मोठा काटा.
चारी कोपऱ्यांवर तेच ओझं ठेवून पाहिलं, चारही कोपरे एकमताचे.
शून्य ठेवलं, शून्य दाखवलं.
पाचशे ठेवले: चारशे नव्याण्णव पूर्णांक सहा.
हजार ठेवले: नऊशे नव्याण्णव पूर्णांक दोन.
पुन्हा उतरवले, पुन्हा चढवले. तेच.

कारखान्याचं सील शाबूत होतं.
अकरा वर्षांपूर्वी आरिका बंदरात, समुद्राच्या कडेला
अगदी खरा लावलेला काटा
पावणेचार हजार मीटर वर आणून तसाच बसवला होता.
इथे पृथ्वी जरा हलक्या हाताने ओढते.
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मापात पाप म्हणतात, तसं कुणी केलं नव्हतं.

कुंपणाला टेकून वेन्सेस्लाओ कोल्के ऐकत होता.
त्याच्या खाणीवर आजोबांचा दांडीचा तराजू आहे,
दोन पारड्यांचा, दोन्हींना उंची सारखीच लागते,
म्हणून तो कुठल्याही डोंगरावर खराच.
तिथे हजार भरायचे, इथे आठशे ग्रॅम कमी.
दर खेपेला.
"गोणीतून सांडतं म्हणालो," तो म्हणाला.
"देल्फीनला दुहेरी शिवण घालायला लावली.
मग म्हणालो, सांडत नाही, तूच काढतोस."
थोडं थांबून:
"तो चिलीला गेला. द्राक्षं तोडतो."

मी स्क्रू फिरवला. इथलं गुरुत्व त्याला शिकवलं.
हजारचे हजार आले.
मालक म्हणाले, मागचं काही उकरायचं नाही.
मी काही बोलले नाही; माझं काम काट्याचं.
पण प्रमाणपत्रात रकाने असतात: भार, वाचन, चूक, दुरुस्ती,
आणि तळाशी, बहुधा कोराच राहणारा, शेरा.

"त्यात लिहाल?" वेन्सेस्लाओने विचारलं,
"की गोणीला भोक नव्हतं?"

लिहिलं. तारीख घातली. त्याच्यासाठी दुसरी प्रत काढली.
शिक्का मारायला गेले तर शाई थिजलेली.
बाटली काखेत धरून बसलो,
आधी मी,
मग तो.