उजव्या कोपऱ्यातला हात

दारूखान्यात वखार पेटली
तेव्हा मी रे रोडच्या पुलावर अडकलेल्या टॅक्सीत,
मांडीवर दोन किलोची लेन्स.
तोवर समोरच्या पत्र्यावर चढून
तौसीफनं, वय सतरा, पंक्चर काढणारा,
तडा गेलेल्या फोननं
अख्खी आग उचलून आमच्या डेस्कवर ठेवली होती.

चांगला होता फोटो. खोटं कशाला बोलू.
मी वाऱ्याची दिशा बघत बसलो असतो,
तो नुसता घाबरला होता.

फक्त उजव्या कोपऱ्यात एक हात.
निळी बाही, कोपरापासून पुढे,
बाकीचा माणूस चौकटीबाहेर.
"लक्ष तिकडे जातंय," डेस्कवरची पोरगी म्हणाली,
आणि ताटाच्या काठावरची आमटी पुसावी
तसा एका बोटानं पुसला.
जागेवर धूर भरून आला, आपोआप.
खऱ्यापेक्षा जरा बराच.

मी गप्प. बोलणार कुठल्या तोंडानं?
लाल दिव्याच्या खोलीत, तारेला पुठ्ठ्याची टिकली चिकटवून
मीही चेहरे उजळलेत,
आणि एकदा, लाठीमारानंतर,
रस्त्यात पडलेली एक चप्पल
पायानं सरकवली होती चौकटीत,
शोभेल तिथे.
हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी शेवंताबाई खरटमल आल्या.
एका हातात आमचा पेपर, चार घड्या घातलेला,
दुसऱ्यात शेजारच्या पोराचा फोन:
तोच फोटो, शंभर जणांकडून फिरून आलेला,
पिठासारखा फुटलेला,
पण हात होता.

"यादीत नाव नाही त्यांचं.
तिथं होते कशावरून, विचारतात.
ही बाही मी उसवून शिवलीय.
बटण बघा, वेगळं आहे."
मग आमच्या पेपरवर बोट ठेवून,
रागानं नाही,
माप कमी भरलं तर वाण्याला विचारतात तसं:
"यातला कुठं गेला?"

तौसीफला फोन लावला. मूळ फोटो?
"जागा भरलेली, साहेब. उडवला."

मी दोन बोटांनी बाही मोठी केली.
अजून मोठी.
निळे चौकोन झाले, मग करडे,
बटण कुठेच नाही.
"तिथंच," त्या म्हणाल्या,
"तिथंच थांबा."

मी बोटं उचलली नाहीत.