शून्य पूर्णांक चार

कंपनीचे मालक बावीस:
एक नगरपरिषद, दोन नगरपंचायती,
बाकी आम्ही, ग्रामपंचायती.
यादीच्या तळाशी, सहीला जेमतेम जागा उरते तिथं
टेंभुरटोला. शून्य पूर्णांक चार टक्के.

म्हणजे किती, ते ग्रामसभेला कळेना.
कापगते मास्तरांनी फळ्यावर मांडलं:
चार डबे, अडीचशे जागा.
उत्तर आलं एक. बाकी शून्य.

मग ती एक कोणती, यावर दिवस बुडाला.
शामकलाबाई मडावी म्हणाल्या,
'इंजिनाकडं तोंड पायजे जी,
उलटं बसलं का मले ओकारी येते.'
ठराव क्रमांक अकरा: दुसरा डबा, तिसरी खिडकी,
बोडीच्या अंगाची. सर्वानुमते.

गाडी टेंभुरटोल्याला थांबत नाही.
फलाटाचा खर्च आमच्या भागभांडवलाच्या नऊपट.
सात चोपन्नला ती धानाच्या बांध्यांमधून येते
आणि पोरं फाटकावर उभी: आपल्या जागेवर आज कोण?
सोमवारी आयटीआयची पोरगी, मांडीवर ड्रॉइंगची गुंडाळी.
मंगळवारी तहसीलचा बेलीफ, तोंड उघडं टाकून झोपलेला.
बुधवारी माणूसच नाही, शिंगाड्यांचं टोपलं.
पुन्हा ती पोरगी.
पुन्हा ती.

वार्षिक सभेला मी एसटीनं गेले, दोन ठिकाणी बदलून;
पोचले तर चहा संपलेला, मतदान सुरू.
विषय: तिकिटात दोन रुपये वाढ.
बाजूनं एकोणपन्नास पूर्णांक आठ.
विरोधात एकोणपन्नास पूर्णांक आठ.
रहांगडाले साहेबांनी चश्मा पुसला,
यादीच्या तळापर्यंत बोट नेलं,
आणि सगळं सभागृह मागं वळलं.
नगराध्यक्षांनी शेजारची खुर्ची ओढून दिली.
हळूच म्हणाले, 'थांबा मंजूर करून टाकू ना ताई, आजच.'

दोन जायचे, दोन यायचे. महिन्याचे शंभर.
मला त्या गुंडाळीची लाल नाडी आठवली,
दोनदा गाठ मारलेली.

परतीच्या एसटीनं फाट्यावर सोडलं,
पुढं अंधारात चालत आले.
'थांबा भेटला का?'
'नाही.'
'मंग केलं काय तुमी दिवसभर?'
भात गार झाला होता. तसाच खाल्ला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी
तिसरी खिडकी रिकामी गेली.
परीक्षा संपली असेल, कोणी म्हणालं.
शेवटचा डबा बोडीच्या पाळीमागं जाईस्तोवर
शामकलाबाई फाटकाला टेकून बघत राहिल्या.
'आज आपूनच बसलो म्हना,
इंजिनाकडं तोंड करून.'