ओ

बायान लेपास, रात्रपाळी, तिसरा मजला.
हाडात शिरणारा एसी, निळी टोपी,
टाचेला बांधलेली अर्थिंगची पट्टी:
इथं चालतानाही जमिनीशी नातं तोडायचं नाही.

पहिल्याच रात्री काक रोकियानं सांगितलं.
काक म्हणजे ताई, इथल्या मलय बोलीत.
"गुणवती, चिपला आधी हुशारीचं काही विचारायचं नाही.
आधी नुसती हाक मारायची."

हाक म्हणजे शंभर मायक्रोअँपियर.
बाकीच्या सत्तेचाळीस पिना शून्यावर धरायच्या
आणि एकीच्याच दारातून एवढासा प्रवाह ओढून घ्यायचा.
आत उंबऱ्यापाशी एक राखणदार डायोड बसलेला असतो,
त्याच्यावर किती व्होल्ट पडले ते बघायचं.
उणे पॉइंट पासष्टच्या आसपास: ओ दिली.
शून्य: शेजारणीला चिकटून बसलीय, स्वतःचं तोंड नाही तिला.
उणे दोन, म्हणजे आकडा मर्यादेला जाऊन थडकला:
दार आहे, मागं घर नाही.
केसाहून बारीक सोन्याची तार कुठंतरी सुटलीय.

मडकं वाजवून घेतात तसंच हे.
फक्त दर मडक्याला अठ्ठेचाळीस टिचक्या
आणि सगळ्या मिळून पापणी लवायच्या आत.

सव्वाशे डिग्रीला तापवून विचारलं
तर त्याच पिनेचा आवाज पॉइंट पंचेचाळीसवर उतरतो.
"तापात माणूसही हळू बोलतो," काक म्हणाली,
"म्हणून नापास नाही करायचं त्याला.
मर्यादा बदलून घ्यायची."

फेब्रुवारीत एका रात्री
सतराव्या पिनेनं ओ देणं बंद केलं.
एका चिपच्या नव्हे, एकीमागून एक, सगळ्यांच्याच.
लाल डबा भरत चालला.
तेओसाहेब आले, डोळ्यांत झोप, शर्टाची बटणं एक घर वरखाली.
म्हणाले, अख्खा लॉट बाजूला काढा,
तार जोडणाऱ्यांनी झोपा काढल्यात.
काकनं मशीन थांबवलं,
सॉकेट उघडून भिंगाखाली धरला.
सतराव्या सुईच्या टोकावर कथलाची खपली,
तिळाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी.
ब्रश, दोन थेंब स्पिरिट. फुंकर मारायला इथं मनाई आहे.
लाल डब्यातल्या तीनशे बारा चिपा पुन्हा घातल्या.
तीनशे नऊ बोलल्या.
तीन खरोखरच मुक्या होत्या.

नोंदवहीत मी लिहिलं: पिन सतरा, दोष.
काकनं खोडायला लावलं.
"कुणाचा दोष, ते लिही.
बहिरी आपली सुई होती."
तेओसाहेबांनी खाली सही केली
आणि कॉफीच्या मशीनकडे निघून गेले.

आणि ती एकतिसावी.
नकाशात तिच्यापुढं लिहिलंय: कशालाच जोडलेली नाही.
पाय आहे, डाग द्यायला जागा आहे, आत काही नाही.
तरी प्रोग्रॅम तिलाही हाक मारतो,
आणि ती गप्प राहिली तरच पास.
मी म्हटलं, मग विचारायचंच कशाला?
काक म्हणाली, "रांगेत उभी आहे ना?"

परवा पहाटे पावणेपाचला
एका चिपच्या एकतिसाव्या पिनेनं ओ दिली.
उणे पॉइंट चौसष्ट. अगदी धडधाकट.
काढून पुन्हा घातली. पुन्हा चौसष्ट.
आणि शेजारची तिसावी, जिनं बोलायला हवं होतं, ती ठार मुकी.
तार एक घर चुकली असणार.

नियमाप्रमाणे लाल डबा.
काकनं चिप चिमट्यानं उचलली,
दिव्याखाली तिरकी करून धरली, जणू बाहेरून दिसणार होतं काही.
"बोलत होती गं," एवढंच म्हणाली.
मग हात डब्याच्या तळापर्यंत नेऊन
आवाज होणार नाही अशी ठेवली,
आणि पुढचा ट्रे लावला.